एक्केचाळिसावी चिठ्ठी

टेलरबाईंचा आवाज कॉलेजात कुणी ऐकला नव्हता, कारण तासाच्या वेळी त्यांच्या तोंडात टाचण्या असत. कॉलेज होतं फोनमध्ये आणि फोन मशीनच्या शेजारी, दोऱ्याच्या रिळांना टेकवून ठेवलेला. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी दोनला तास सुरू व्हायचा. पँटची उंची कमी करून घ्यायला येणाऱ्यांचीही नेमकी तीच वेळ. गिऱ्हाईक स्टुलावर उभं, बाई जमिनीवर गुडघे टेकून, ओठांत पाच-सहा टाचण्या आणि एका कानात इअरफोन. तिकडे मॅडम विचारायच्या, "अडतीस नंबर, ऐकताय ना?" आणि इकडे अडतीस नंबर जोरात मान डोलवायचा. कॅमेरा बंद असताना मान डोलावून उपयोग नसतो, हे बाईंच्या लक्षात यायला अर्धं सत्र गेलं.

खरं सांगायचं तर टाचण्या हा निम्मा बहाणा होता. सत्तेचाळिसाव्या वर्षी, विशीतल्या पोरापोरींसमोर तोंड उघडायची त्यांना लाज वाटायची. व्यापारी कायद्याच्या विषयात शंभरातले वीस गुण तासाला बोलण्याचे होते आणि त्या रकान्यात बाईंच्या नावापुढे भोपळा होता. लेक तो भोपळा दर आठवड्याला दाखवायची. बाई म्हणायच्या, "मी ऐकते सगळं. ऐकण्याचे गुण का देत नाहीत हे लोक?"

ऐकायच्या मात्र खऱ्या. विसाव्या वर्षी, दुसऱ्या वर्षाचा निकाल हातात असताना, त्यांचं कॉलेज सुटलं होतं. वडिलांचे हात थरथरायला लागले होते. मास्तर म्हणत त्यांना सगळे, आणि ज्यांची कात्री खडूच्या रेघेवरून केसभर हलत नसे त्या मास्तरांची कात्री रेघ सोडून पळू लागली. दुकान बंद करणं परवडणारं नव्हतं. बाई "एक वर्ष बघते" म्हणून मशीनवर बसल्या आणि सत्तावीस वर्षं बसूनच राहिल्या. मध्ये लग्न झालं, बसच्या ड्रायव्हरशी, एक मुलगी झाली, ती मोठी होऊन दाताच्या डॉक्टरकडे बाहेरच्या टेबलावर बसायला लागली. याच मुलीने एका दुपारी दोन पेशंटांच्या मधल्या वेळात आईचा ऑनलाइन कॉलेजचा अर्ज भरून टाकला आणि घरी येऊन म्हणाली, "नाव घातलंय. जुने दोन्ही निकाल त्यांनी धरले. तिसरं वर्ष तेवढं करायचंय, आता मागे फिरायचं नाही."

पहिल्या सत्राची फी नवऱ्याच्या जादा फेऱ्यांतून गेली. दुसऱ्या आणि शेवटच्या सत्राची वेळ आली तेव्हा मशीनची मोटर जळली आणि जमवलेलं सगळं तिच्यात गेलं. शनिवारपर्यंत फी भरली नाही तर परीक्षेचा अर्ज घेणार नव्हते. गुरुवारी लेक दुकानात आली, मोडक्या खुर्चीवर बसली आणि समोरच्या कपाटाकडे बघत राहिली.

त्या कपाटाची गोष्ट सांगायला हवी. दुकानात कपडा आला की मास्तरांच्या काळापासून त्याला एक चिठ्ठी टाचली जायची: तारीख, काम, फोन नंबर. कपडा नेला की चिठ्ठी मधोमध फाडून बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायची. मास्तर ती फाडताना दर वेळी "गेला" म्हणायचे, आणि बाईंनाही तीच सवय लागली होती. पण काही लोक कपडा देतात आणि विसरतात. कुणी गाव सोडतं, कुणी जाड होतं, कुणाचं लग्नच मोडतं. असे न नेलेले कपडे त्या कपाटात जात. भिंतीवर पाटी होती, 'तीन महिन्यांत न नेलेल्या कपड्याची जबाबदारी आमची नाही.' पाटी होती तरी मास्तरांनी कधी एक रुमालही विकला नाही. दुसऱ्याच्या कपड्यावर हात टाकायचा नाही, म्हणजे नाही.

"एक्केचाळीस कपडे आहेत," लेक म्हणाली. तिने मोजले होते. "पाटी काय शोभेला लावलीये?"

"बाबा काय म्हणतील?"

"आजोबांना सांगायचंच कशाला?"

बाईंनी रात्रभर विचार केला, असं लिहायला बरं वाटेल, पण त्यांनी जेमतेम अर्धा तास केला. शुक्रवारी सकाळी दोन गल्ल्या पलीकडच्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून जुनीवाली आली. वय असेल बत्तीस, पण धंद्यावरून पडलेलं नाव ते पडलंच. तिने कपडे भराभर उलटेपालटे केले, आकडा सांगितला. फीला थोडा कमी पडत होता. मग तिची नजर कपाटाच्या अगदी मागे, खाकी कागदात गुंडाळलेल्या एका गडद निळ्या कोटावर गेली. बायकांचा कोट, जुन्या धाटणीचा, कापड उंची.

"हा घालून पूर्ण करते," ती म्हणाली.

तो कोट बाई दुकानात आल्या तेव्हापासून तिथे होता. दुकान हातात घेतलं त्या वर्षी त्यांनी एकदा विचारलं होतं, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "राहू दे, गिऱ्हाईक यायचंय." सत्तावीस वर्षांत गिऱ्हाईक आलं नव्हतं. शिवणही वाकडीतिकडी होती, त्या काळात दुकानात असलेल्या कुणा शिकाऊ पोराची असणार. बाईंनी कोट दिला. चिठ्ठ्या मात्र सगळ्या काढून घेतल्या. त्या फाडायला हात होईना, कपडे कुणी नेलेच नव्हते. चिठ्ठ्यांचा गठ्ठा रबर लावून खणात गेला, फी भरली गेली, आणि बाईंचा जीव भांड्यात पडला.

तो तीन आठवडे भांड्यात राहिला.

चौथ्या आठवड्यातल्या बुधवारी स्टुलावर बँकेतले एक कॅशियर उभे होते आणि बाई त्यांच्या उजव्या पायाची मुडप टाचत होत्या. कानात मॅडम सांगत होत्या, "समजा, तुम्ही घड्याळ दुरुस्तीला दिलं. आता ते दुकानदाराकडे आहे, पण मालक कोण? तुम्हीच. दुकानदाराकडे ते फक्त सांभाळायला आहे." मग त्यांनी विचारलं, "आणि दुकानात पाटी असेल, की इतक्या दिवसांनी जबाबदारी आमची नाही, तर? मग तो घड्याळ विकू शकतो?"

पोरांनी भराभर 'हो' लिहून पाठवलं असणार, कारण मॅडम हसल्या. "इतकं सोपं नाही. पाटी लावली म्हणून दुसऱ्याची वस्तू आपली होत नाही. निदान मालकाला कळवलं पाहिजे, की बाबा, तुझी वस्तू पडून आहे, ने, नाहीतर मी विकतो."

कॅशियर म्हणाले, "झालं का हो?" बाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या, उठल्या आणि फोनवरचं माइकचं चिन्ह दाबलं.

"मॅडम, आणि विकून टाकलं असेल तर?"

एकशे वीस जणांच्या वर्गाने बाईंचा आवाज पहिल्यांदा ऐकला. मग मॅडम म्हणाल्या, "कोण बोलतंय? अडतीस? अहो, तुम्ही आहात तर."

"आहे, मॅडम. रोज असते."

"कळवलं होतं का मालकाला?"

"नाही."

"पत्ता, फोन काही होता?"

"फोन नंबर होते. चिठ्ठीवर."

'नंबर होता' नव्हे, 'नंबर होते', हे मॅडमच्या कानाने बरोबर टिपलं. प्रश्न पुस्तकातला नाही, हे त्यांना कळलं असावं. आवाज मऊ करून त्या म्हणाल्या, "मग आधी फोन करा. उशीर झालाय, पण करा. काय होतं ते पुढच्या तासाला आम्हाला सांगा."

एक पाय आखूड आणि एक लांब अशा अवस्थेत स्टुलावर उभे असलेले कॅशियर म्हणाले, "माझा एक शर्ट होता हो तुमच्याकडे. दोन वर्षं झाली."

तिथूनच सुरुवात झाली. कॅशियर म्हणाले, शर्टाचं जाऊ द्या, बायकोने आणला होता आणि मला तो कधीच आवडला नव्हता. बाईंनी चिठ्ठी शोधली आणि फाडली. एक गेली, चाळीस उरल्या.

पुढचे पंधरा दिवस बाई रोज सकाळी दुकान उघडून फोन करत बसायच्या. सुरुवातीला वाक्य जुळेना. "मी टेलरबाई बोलते, तुमचा कपडा मी विकला," असं म्हटलं की लोक फोन ठेवायचे, त्यांना ती फसवणुकीची नवी तऱ्हा वाटायची. मग बाई आधी कपड्याचं वर्णन करायला लागल्या. बहुतेकांना कपडा आठवतच नव्हता. एक जण म्हणाला, ती पँट आता माझ्या मांडीवरसुद्धा चढणार नाही, तुम्ही विकलीत ते पुण्य केलंत. बरेच नंबर बंद होते. एका घरी फोन सुनेने उचलला, सासूबाई गेल्या म्हणाली, आणि मग दहा मिनिटं सासूबाईंना कसे लांब बाह्यांचेच ब्लाउज लागत ते सांगत राहिली. बाईंनी ऐकून घेतलं. त्या चिठ्ठीचे दोन तुकडे करताना त्यांनी "गेला" म्हटलं नाही.

दर बुधवारी, दर शुक्रवारी मॅडम हजेरी घेता घेता विचारायच्या, "अडतीस, किती उरल्या?" बाई सांगायच्या, "बावीस, मॅडम." "चौदा." पोरंपोरी मध्येच प्रश्न टाकायची. नंबर बंद असेल तर कळवलं असं धरायचं का? वारसाने सोडून दिलं तर चालतं का? मॅडम त्यावरच तास घ्यायला लागल्या. एका पोराने लिहिलं, 'पुस्तकापेक्षा हे बरं आहे.' बोलण्याच्या रकान्यातला भोपळा कधी पुसला गेला ते बाईंनी बघितलंसुद्धा नाही. त्यांना आता तासाची वाट बघावीशी वाटे, आणि तास असेल तेव्हा त्या टाचण्या तोंडात न धरता मनगटावरच्या उशीत खोचून ठेवू लागल्या. सत्तावीस वर्षांची सवय सुटली आणि ओठांना चुकल्यासारखं वाटलं.

तिघांना मात्र कपडे परत हवे होते. त्यातले एक गृहस्थ चांगलेच तापले. बाईंनी निमूट ऐकलं, कारण गृहस्थांचं बरोबर होतं. तोंड पाडून त्या जुनीवालीकडे गेल्या.

नशिबाने तिन्ही कपडे अजून तिथे होते. जुनीवालीने कपाळाला आठ्या घातल्या, मग व्यवहारात शिरली. "पैसे नकोत. माझ्याकडे तीस कपडे पडलेत, कुणाची चेन गेलीये, कुणाचं अस्तर फाटलंय. ते नीट करून द्या, तीन घेऊन जा." आणि गठ्ठ्यावर तिने तो निळा कोट टाकला. "हाही बघा. कापड बघून बाया हात लावतात, शिवण बघितली की ठेवून देतात. कुणी शिवलाय कोण जाणे. बाह्या सरळ करून द्या जरा."

बाईंनी गठ्ठा दुकानात आणला. परीक्षा दहा दिवसांवर. चेन बदलायच्या आणि धडे ऐकायच्या, अस्तर लावायचं आणि कलमं पुटपुटायची. कोट त्यांनी शेवटी घेतला. डावी बाही उसवली. टाका एक लांब तर एक आखूड, मध्येच दोन टाके एकावर एक. "कोण गाढव होता हा," असं म्हणून त्यांनी सगळी शिवण काढली आणि मशीनवर ताठ, सरळ टीप घातली. उजवी बाही दुसऱ्या दिवशी करू म्हणून ठेवली.

त्याच संध्याकाळी हातात एकच चिठ्ठी उरली. कोटाचीच. तिच्यावर फोन नंबर नव्हता. अक्षर मास्तरांचं, तारीख फार जुनी, आणि खाली नुसती मापं. आता मास्तरांना विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं, म्हणजे सगळंच सांगावं लागणार होतं.

घरी मास्तर खिडकीशी बसून रेडिओ ऐकत होते. बाईंनी रेडिओ बारीक केला आणि एका दमात सांगून टाकलं. कपाट, पाटी, जुनीवाली, फी, मॅडम, चाळीस गिऱ्हाइकं. आत लेक भांडी पुसायची थांबली. मास्तर रागावतील म्हणून बाई मान खाली घालून बसल्या होत्या.

"चाळिसांनाही कळवलंस?" मास्तरांनी विचारलं.

"कळवलं. ही एकच राहिली. हिच्यावर नंबर नाही, बाबा. कुणाचा होता हा कोट?"

मास्तरांनी चिठ्ठी हातात घेतली नाही. "माप वाच," ते म्हणाले.

बाईंनी वाचलं. छाती, कंबर, खांदा, बाही.

"कसं गिऱ्हाईक आहे?"

"सडपातळ आहे. मुलगीच असेल कुणी. डावा खांदा किंचित उतरता."

"डावा खांदा कशाने उतरतो?"

"पिशवी अडकवून," बाई म्हणाल्या. "पुस्तकांची..." आणि त्यांनी चिठ्ठी परत डोळ्यांसमोर धरली. गावभरच्या माणसांची मापं तोंडपाठ असलेल्या बाईंना स्वतःचं विशीतलं माप ओळखता आलं नव्हतं.

"तिसऱ्या वर्षाला तुला घालायला शिवत होतो," मास्तर म्हणाले. "हात धड नव्हते. दीड महिना लागला. पुरा झाला तेव्हा तू दुकानात बसायला लागली होतीस. तेव्हा दिला असता तर तुला कॉलेज आठवलं असतं आणि मला माझे हात. म्हणून कपाटात ठेवला."

"मग गेल्या वर्षी नाव घातलं तेव्हा का नाही दिलात?"

"घरबसल्या कॉलेजला कोट कशाला? शेवटच्या परीक्षेला मात्र केंद्रावर जावंच लागेल ना. तेव्हा काढणार होतो."

बाई रडल्या. चांगल्या रडल्या, पदर तोंडाला लावून. फी भरायला त्यांनी जे विकलं त्यातलं सगळ्यात जास्त किमतीचं ते त्यांचं स्वतःचंच होतं, आणि त्याची डावी बाही त्यांनी त्याच दुपारी गाढव म्हणून उसवली होती. हे दुसरं त्यांनी मास्तरांना सांगितलं नाही.

सकाळी जुनीवालीला कोट मागितला तर ती म्हणाली, "द्या की बदल्यात आणखी वीस कपड्यांचं काम." बाईंनी घासाघीस केली नाही. परीक्षेनंतर करून देते म्हणाल्या, आणि जुनीवालीने उलट न बोलता मान हलवली.

उजव्या बाहीला त्यांनी सुई लावली नाही. फक्त अंगात होत नव्हता म्हणून बाजूच्या शिवणी उसवल्या, तर आत चार बोटं माया निघाली. शिवणीच्या आत इतकं जादा कापड मास्तर कधी सोडत नसत, दोन बोटांवर एक धागा नाही. चार बोटं सैल केल्यावर कोट सत्तेचाळिसाव्या वर्षाला बरोबर बसला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी जावयाच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून मास्तर दुकानात आले. दोन वर्षांनी आले. जावयाने बस दोन मिनिटं थांबवून त्यांना हाताला धरून उतरवलं आणि मागचे प्रवासी कुरकुरले. मास्तर आपल्या जुन्या खुर्चीवर बसले, रिकाम्या कपाटाकडे बघितलं, मग कोट मागून घेऊन मांडीवर पसरला. डाव्या बाहीवरून बोट फिरवलं. ते बोट थांबलं, परत मागे आलं.

"ही तुझी टीप," ते म्हणाले.

"हो, बाबा. मला माहीत नव्हतं."

"सरळ आहे." मग त्यांनी उजव्या बाहीवरून बोट नेलं, वळणावळणाने. "ही माझी. हिलाही उसव हवं तर. पोरं हसतील."

"हसू देत. ती तशीच राहणार."

बाई कोट घ्यायला पुढे झाल्या. मास्तरांनी तो सोडला नाही. त्यांनी दुसरा हात पुढे केला, तळवा वर करून.

"चिठ्ठी," ते म्हणाले. "चिठ्ठीशिवाय माल देत नाही मी."

बाईंनी खणातून एक्केचाळिसावी चिठ्ठी काढून त्यांच्या हातात ठेवली. मास्तरांनी चष्मा लावला, तारीख बघितली, मापं बघितली, समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. मग कागद दोन्ही हातांच्या चिमटीत धरला. हात थरथरत होते. पहिल्या वेळी चिमूट सुटली, दुसऱ्या वेळी कागद नुसता चुरगळला. बाई हातभर अंतरावर होत्या, पण त्यांनी मदत केली नाही. तिसऱ्या वेळी चिठ्ठी फाटली, अगदी मधोमध नाही, थोडी तिरकी.

दोन्ही तुकडे त्यांनी डब्यात टाकले.

"गेला," मास्तर म्हणाले. "घालून बघ. आणि दुकान लवकर बंद कर आज, उद्या तुझा पेपर आहे."